सैपाकघरातला उजेड : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

काल रात्री वरणात खडा आला, यांच्या दाताखाली. हे काही बोलले नाहीत, पण आईंचा हात ताटातच थांबला. डाळ त्यांनी निवडली होती. भांडी आवरताना मला म्हणाल्या, "मले आता खडे दिसत नाई, पोरी. बोटानं चाचपूनच काढते."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६८. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागच्या दिवाळीआधी काढला, डाव्याचा अजून आहे. महिनाभरात घरची तूर भरडायची. तीन-चार पायल्या डाळ त्यांच्याच हातून निवडली जाणार, आणि तीही संध्याकाळी, कारण दिवसा सगळेच वावरात. म्हणून ठरवलं की या वर्षी सैपाकघराच्या उजेडाचं काम करायचंच. काय मोजलं, काय लावलं, काय चुकलं ते या वहीत लिहीत जाईन.

६ फेब्रुवारी

जागेचं माप घेतलं. लांबी १४ फूट, रुंदी १० फूट, म्हणजे साधारण १३ चौरस मीटर. वर टिनं, एका बाजूला साडेअकरा फूट, दुसऱ्या बाजूला नऊ. पूर्वेच्या भिंतीला आठ फुटांचा ओटा, उंची ३३ इंच, त्यावर २० इंचांवर भांड्यांची फळी. नैऋत्य कोपऱ्यात चूल. गॅस आहे, पण पऱ्हाट्या आणि तुराट्या घरच्याच असतात, त्यामुळे भाकरी, रोडगे आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. खाली शहाबादी फरशी.

दिवा एकच, ९ वॅटचा बल्ब, पश्चिमेच्या दारावर. २०१५ साली स्वस्त एलईडी बल्बांची सरकारी उजाला योजना आली तेव्हापासून घरात हाच प्रकार. बल्ब चांगला आहे, जागा वाईट आहे. ओट्याशी उभी राहिले की दिवा माझ्या पाठीमागे, आणि मी चिरते ती भाजी माझ्याच सावलीत.

फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप घेतलं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पडला की तो एक लक्स. फोनचा आकडा खऱ्या मीटरइतका नेमका नसतो, पण एकाच फोननं, त्याच जागी ठेवून आधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो. रात्री आठ वाजता:

फरशीवर मधोमध २२. ओट्यावर १६. ओट्यावर, मी समोर उभी असताना, ६. आई निवडायला बसतात तिथे सुपात ११.

घरातल्या सैपाकघरात सगळीकडे मिळून २०० लक्सच्या आसपास आणि चिरण्या-निवडण्याच्या जागी ३०० ते ५०० असावा असं सांगतात. त्यात साठीच्या पुढच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. आणि आईंच्या सुपात ११! तो आकडा पाहून मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं त्या याच उजेडात आमच्यासाठी निवडत, पाखडत आल्या.

१० फेब्रुवारी

पुतण्याला बोलावलं. त्यानं आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आहे. दिवा कुठे लावायचा हे विचारायच्या आधी त्यानं स्विचबोर्ड उघडला. आत जुनी कडक झालेली वायर, जोड नुसते पिळून पट्टी मारलेले, अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आलेलीच नाही. "काकू, हे सगळं उपटाच लागते. याच्यावर दिवे वाढवणं म्हणजे जीवाशी खेळ हाय."

मला वाटलं होतं दोन दिवे वाढवू आणि होईल. पण ओल्या हातांची जागा आहे. त्याचं म्हणणं मान्य केलं. ठरलं ते असं: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा वेगळा एमसीबी, मिक्सरच्या प्लगची लाइन त्याहून जाड आणि वेगळी, नवं अर्थिंग आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. करंट कुठे गळून माणसाच्या अंगातून जायला लागला तर हा आरसीसीबी लाइन तोडतो. एमसीबीचं काम वेगळं, तो जास्त लोड आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. या दोन्हींतला फरक मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

या सामानातच अर्धा खर्च जाणार. जाऊ दे.

१८ फेब्रुवारी

वायरिंग झालं. दिवे अजून तेच.

२५ फेब्रुवारी

काजळी काढली. दोन दिवस गेले. चुलीवरच्या भिंती आणि टिनांखालची लाकडं काळी तुकतुकीत झाली होती. आधी कोरड्या खराट्यानं, मग सोड्याच्या गरम पाण्यानं. भिंती वाळल्यावर चुन्याचे दोन हात दिले. टिनांना आतून पांढरा रंग.

रात्री तोच बल्ब, त्याच जागी. फरशीवर मधोमध ३८. आधी २२ होते. एक वॅटही न वाढवता! चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बहुतेक परत खोलीत फेकते, काजळी जवळजवळ सगळाच गिळते. दिव्यांची खरेदी करायच्या आधी हे केलं ते बरं झालं, नाहीतर सगळा हिशोब काळ्या भिंतींवर झाला असता.

आई दारातून आत आल्या आणि थांबल्या. "लग्न होऊन आली तवा असं होतं हे घर," म्हणाल्या.

३ मार्च

दिवसाच्या उजेडाचा विचार. यांचं मत, टिनांमध्ये एक पारदर्शक पत्रा बसवावा. शेजारी आहे तसा. मीही तयार झाले होते, फक्त उन्हाची बाजू नको म्हणून उत्तरेच्या उतारावर लावू म्हणत होते. मग आकाशाचा हिशोब आठवला. आमचं गाव हिंगणघाटपासून जवळ, अक्षांश साडेवीसच्या आसपास. मेच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायातच पडते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडूनच जातो. म्हणजे ऐन तापत्या दिवसांत उत्तरेचा उतारसुद्धा थेट उन्हात. वैशाखात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्यात पत्र्यातून ऊन आत सोडायचं आणि खाली चूल पेटवायची, हे मला मान्य नाही.

त्याऐवजी ओट्याजवळची खिडकी मोकळी केली. दोन फूट बाय दोन फूट. तिच्यात लोणच्याच्या बरण्या, तेलाचा पिंप आणि जुने डबे इतके रचले होते की खिडकी आहे हेच विसरलो होतो. जाळी धुतली, झडपांना आतून पांढरा रंग दिला. सकाळी आठला ओट्यावर साडेतीनशे. खर्च शून्य.

९ मार्च

आज कागदावर आखणी. मी बऱ्याच ठिकाणी वाचलं, सगळीकडे ओट्यापाशी उभ्या माणसाचा विचार. फळीखाली दिवा लावा, छताला लावा, झालं. आमच्याकडे निम्मं काम जमिनीवर बसून होतं. विळीवर भाजी, सुपात डाळ, परातीत कणीक, चुलीपुढे भाकर. छताचा दिवा ओट्यापासून दोन मीटरवर असला तर फरशीपासून जवळपास तीन मीटरवर. एकाच बल्बापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, दीडपट झालं तरी निम्म्याहून कमी. म्हणजे छतावर मोजून दिवा लावला तरी बसलेल्या बाईच्या वाट्याला उरलासुरलाच येणार.

म्हणून मी दिव्यांपासून सुरुवात केलीच नाही. घरातलं कोण, कुठे, कोणत्या उंचीवर, कोणत्या हातानं काय करतं ते आधी लिहिलं, आणि प्रत्येक जागेसाठी उजेड कोणत्या बाजूनं यायला हवा ते. चार जागा निघाल्या:

ओटा: उजेड माझ्या आणि भाजीच्या मधून, वरून. फळीच्या पुढच्या कडेला एलईडी पट्टी.

निवडायची जागा: आई उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून बसतात. उजव्या हातानं निवडतात, म्हणून उजेड डावीकडून, नाहीतर हाताची सावली सुपात पडते. भिंतीवर कमी उंचीचा, टोपी घातलेला दिवा.

चूल: धूर, वाफ, कढईतले शिंतोडे. चुलीच्या वर काहीच नाही. बाजूच्या भिंतीवर चार फुटांवर काचबंद दिवा, धूळ-पाणी आत न जाणारा, आयपी ६५ लिहिलेला.

सगळीकडचा: २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब, साधारण २००० ल्युमेन. यातला निम्मा जमिनीपर्यंत कामाला येतो असं धरलं तर हजार ल्युमेन १३ चौरस मीटरवर, म्हणजे ७५ लक्सच्या आसपास. वावरायला, भांडी काढायला हे पुरतं. कामाचा उजेड कामाच्या जागी वेगळा आहेच. एकाच दिव्यानं सगळीकडे २०० करायच्या नादात मी पडले नाही.

पट्टीचा हिशोब: मीटरला साधारण १० वॅटची १२ व्होल्टची पट्टी, २.४ मीटर, म्हणजे २४ वॅट. २१०० ल्युमेनच्या आसपास. वर दुधी झाकण घातलं की पाव-एक भाग जातो. उरल्यातला निम्मा ओट्यावर पडला तरी दीड चौरस मीटरला ५०० लक्स.

१६ मार्च

हिंगणघाटला खरेदी. दुकानात विचारलं तर दोनच उत्तरं, पांढरा किंवा पिवळा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. पांढरा म्हणजे ६५०० केल्विन, पिवळा म्हणजे ३०००. मला मधला हवा होता, ४००० चा, ज्याला ते नॅचरल म्हणतात.

मी घरून तीन पुड्या नेल्या होत्या: आमचं तिखट, हळद आणि चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. काउंटरवर कागद पसरून एकेका दिव्याखाली धरल्या. स्वस्तातल्या ६५०० खाली तिखट विटकरी-तपकिरी दिसलं आणि हळदीवर हिरवट झाक. एलईडीचा पांढरा उजेड निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन करतात, स्वस्त मालात लाल रंगाचा वाटा तोकडा राहतो. फोडणीत तिखट करपलं की नाही हे आपण रंगावरूनच ओळखतो, म्हणून मला याची काळजी. पाकिटावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, उन्हाचा १००, नेहमीच्या दिव्यांचा ८० च्या जवळ. ९० वाली पट्टी दुकानदारानं नागपूरहून मागवून देतो म्हणून सांगितलं. दुकानदारानं तिन्ही पुड्या स्वतः पुन्हा पाहिल्या आणि म्हणाला की असं कोणी बघत नाही. वायगावची हळद पिकते त्या जिल्ह्यात तरी बघायला पाहिजे.

पाकिटावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणीखूण पाहून घेतली. ट्यूबवर १०० ते ३०० व्होल्ट लिहिलं आहे, हे आमच्यासाठी मोठं. ओलिताचे पंप सुरू असले की संध्याकाळी घरात १८० पर्यंत उतरतं.

२ एप्रिल

सामान आलं, बसलं. ट्यूब ओट्याला समांतर, खोलीच्या मध्यापासून ओट्याकडे फूटभर सरकवून. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवली. ती पन्हाळ नुसती शोभेची नाही, पट्टीची उष्णता तीच ओढून घेते. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा डबा, फळीच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

ओट्यावर ४६०. मी समोर उभी असतानाही ४३०. सांभाराच्या काडीवर बसलेली बारीक अळी लांबूनच दिसली. पट्टी लावून मी नुसती कांदा चिरत राहिले, गरज नसताना.

३ एप्रिल

आईंनी जेवायला पाठ फिरवून बसायचं ठरवलं. विचारलं तर, "उजेड डोयात घुसते व माय."

मी त्यांच्या जागी फरशीवर बसले तेव्हा कळलं. उभ्या माणसाला पट्टी फळीच्या कडेआड झाकलेली असते. बसलेल्या माणसाचा डोळा अडीच फुटांवर, पट्टी साडेचार फुटांवर. खालून वर बघताना ती थेट डोळ्यांत. फळीला पुढून एक इंची लाकडी पट्टी होती, पण तेवढी जागा तर ॲल्युमिनियमच्या पन्हाळीनंच घेतली. आखणीत मी एवढं जमिनीवरच्या माणसाचं लिहिलं आणि हीच गोष्ट बघायची राहिली. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात उजेड पसरतो, तिरीप आपल्याहून जास्त लागते.

सुताराकडून अडीच इंची पट्टी करून आणली, पन्हाळ भिंतीकडे थोडी कलती केली. मग प्रत्येक जागी खाली बसून पाहिलं: चुलीपुढे, विळीच्या जागी, आईंच्या जागी, पाटावर. आता फक्त उजळलेला ओटा दिसतो, दिवा दिसत नाही. ओट्यावरचा आकडा ४१० झाला. चालेल.

आईंनी आणखी एक सांगितलं. एकेक डोळा झाकून त्यांना ट्यूब दोन रंगांची दिसते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं निळसर पांढरी, दुसऱ्यानं पिवळट. डोळ्याचं जुनं भिंग वयानुसार पिवळं पडतं, काढलं की तो पिवळा पडदा जातो. कोणता रंग खरा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पांढऱ्याच्या जवळचा.

७ एप्रिल

निवडायच्या जागेचा दिवा. बाजारात भिंतीचे दिवे मिळतात ते सगळे उजेड चारी बाजूंना आणि डोळ्यांत टाकणारे. डबे-कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून पत्र्याची खोल टोपी करून घेतली, आतून पांढरी, मागच्या बाजूला उष्णता जायला भोकं. आईंच्या डाव्या हाताला, फरशीपासून साडेतीन फुटांवर. बल्ब तोच जुना ९ वॅटचा, जो दारावर होता.

सुपात २४० लक्स. ११ चे २४०, त्याच बल्बानं.

आई सूप घेऊन बसल्या. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग मुठीतून सात खडे माझ्या तळहातावर ठेवले. ती डाळ त्यांनी आदल्या दिवशी एकदा निवडलेली होती.

१९ मे

दुपारी पट्टी लुकलुकली आणि बंद. अर्ध्या तासानं परत चालू. पुतण्या आला, ड्रायव्हरला हात लावला आणि लगेच काढला. फळीचा वरचा कप्पा म्हणजे टिनांच्या अगदी खाली, बाहेर ४५, आत त्याहून किती असेल. अशा ड्रायव्हरमधले कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. पट्टीची आयुष्यं पाकिटावर पन्नास हजार तास लिहितात, पण आधी जातो तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर खाली आणला, ओट्याच्या कडेला, मोरीपासून लांब, जाळीच्या पेटीत. ६० वॅटचा घेतला होता आणि ओझं २४ वॅटचं, म्हणून वाचला.

८ जून

मृगाचा पहिला वारा, दोन तास वीज नाही. पट्टी १२ व्होल्टची आहे, म्हणजे इन्व्हर्टर न घेता थेट बॅटरीवर चालते. हे म्हणाले फवारणीच्या पंपाची बॅटरी आहे की, १२ व्होल्टचीच, जोडून देतो. मी नाही म्हटलं. औषधाचा पंप किंवा त्याचा कुठलाही भाग सैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आम्ही जवळून ऐकलं आहे. हेही लगेच मानले.

त्याच मापाची नवी बॅटरी आणली, ८ अँपिअर-तासांची. पट्टी २ अँपिअर ओढते, बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही म्हणून सलग दोन तास. मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज, आणि एक अदलाबदलीचा स्विच, ज्यामुळे ड्रायव्हर आणि बॅटरी एकाच वेळी पट्टीला कधीच लागत नाहीत.

२७ जून

पाऊस लागला आणि पाखरं. वाळवीची पंखवाली पाखरं ट्यूबवर झेपावून परातीत पडतात, मागे पाली. खिडकीला बारीक जाळी होतीच, दाराला जाळीचा पडदा लावला. संध्याकाळी सात ते नऊ ट्यूब बंद ठेवते, पट्टी आणि आईंचा टोपीचा दिवा एवढेच चालू. टोपीत ३००० चा पिवळा बल्ब घातला. पिवळ्यावर पाखरं कमी येतात, आणि तो दाराबाहेरून दिसतही नाही. डाळीला तो रंग चालतो, खडा काळाच असतो.

१४ जुलै

चुलीच्या बाजूचा काचबंद दिवा मंद वाटला. मोजलं, परातीच्या जागी ६०. एप्रिलमध्ये १३० होते. दिव्याला काही झालेलं नाही, काचेवर पऱ्हाटीच्या धुराचा तेलकट थर. स्विच बंद केला, काच थंड होऊ दिली, राखेनं घासून ओल्या फडक्यानं पुसली. परत १२५. आता दर पंधरा दिवसांनी पुसायची. पुढची तारीख २८ जुलै, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.